बाराशे रुपयांनी वारलेली गाडी

मेहुण्याला मोटारसायकल घ्यायची होती आणि खिशात पैसे नव्हते. अशा वेळी माणूस कर्ज काढतो, नाहीतर दाजींना बरोबर घेऊन चिपळूणला जातो. आम्ही कराडहून एसटीनं कुंभार्ली घाट उतरलो.

गाडी २२ जुलै २०२१च्या पुरातली. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ती मालकांच्या दुकानामागं उभी होती. ओसरलं तेव्हा चिखलातून नुसता एक आरसा वर दिसत होता म्हणे. दीड वर्षानं आम्ही गेलो तर पडवीत पुसूनबिसून ठेवलेली.

"टोटल लॉस आहे हो," मालक म्हणाले. मुलगी बघायला आलेल्यांना तिचं शिक्षण सांगताना लावतात, तसा सूर होता.

विमावाल्यांकडं मरण शेकड्यात मोजतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी संपली. ही नवी असताना लाखाची. तीन वर्षं उलटून चौथं चालू, म्हणून घसारा ४० टक्के, उरले ६०,०००. त्याचे ७५ टक्के ४५,०००. दुरुस्तीचं एस्टिमेट आलं ४६,२००. बिचारी बाराशे रुपयांनी गेली! वर्षानं लहान असती तर आयडीव्ही ७०,००० धरली असती, आणि तीच गाडी त्याच चिखलात नुसती जखमी ठरली असती. भंगाराची किंमत १८,००० धरून कंपनीनं ती कापली, मेल्यावर तरी का सोडा म्हणून नियमातले शंभरही कापले, ४१,९०० मालकांच्या हातावर ठेवले आणि गाडी आरसीसकट त्यांच्याकडंच राहू दिली.

हे "आरसीसकट" महत्त्वाचं. आरसी रद्द झालेली गाडी म्हणजे नुसते सुटे पार्ट. रस्त्यावर आणायची सोय नाही. मेहुणा एरवी भाजी घेतानाही फसतो, पण इथं त्यानं मोबाइलवर नंबर टाकून आरसी चालू असल्याची खात्री केली आणि काडेपेटीच्या काडीनं गाळ खरवडून चासी नंबर ताडून पाहिला. मग भावाला बसला.

"काका, काय राहिलंय हिच्यात? बेअरिंग खरखरतंय, वायरिंग हिरवं पडलंय, ऑइल अजून दुधाळ येतंय."

"मग नका घेऊ."

यावर मेहुण्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं सायलेन्सरला कान लावला, हताश मान हलवली, "दाजी, चला," म्हणाला आणि जागचा हलला नाही. वीस हजारांवरून सौदा चौदा हजारांना तुटला. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. थर्ड पार्टी विमा मालकांनी आधीच काढून ठेवला होता: ७१४ रुपये, वर कर. म्हणजे वारलेल्या गाडीनं वाटेत कुणाला उडवलं असतं तर त्याला भरपाई होती. तिचं स्वतःचं पुन्हा काही झालं असतं तर तिला कुणी विचारणार नव्हतं. मागं बसलेल्या दाजींचा विचार मी मुद्दाम केला नाही.

पोफळी मागं टाकून घाटाला लागलो आणि वायरिंगनं स्वभाव दाखवला. डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायचा. हॉर्न दाबला की काहीच नाही. कुंभार्लीतल्या आंधळ्या वळणांवर ही सोय इतकी चोख होती की बनवणाऱ्यांनीच अशी का दिली नाही, असं वाटलं. अडचण उजव्या वळणांची. तिथं मी मागून ओरडत होतो.

वर कोयनानगरला चहा घेताना मेहुणा धरणाकडं बघत म्हणाला, "दाजी, इथलंच पाणी वीज करून झाल्यावर वाशिष्ठीत सोडतात ना? म्हणजे सासर-माहेर दोन्ही बघितलं हिनं."

पाटणजवळ हवालदारांनी अडवलं. कागद उलटून पाहिले, सगळे बरोबर निघाले, तेव्हा चेहरा पडला. मग गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं, "पुरातली का?"

"कशावरनं साहेब?"

त्यांनी हेडलाइटच्या काचेवर टिचकी मारली. आत वरच्या कडेला गाळाची सरळ रेघ होती. पाटबंधारे खात्यानं आखलेली पूररेषाही इतकी स्पष्ट नसते. "जावा," ते म्हणाले, "आणि दिवसाउजेडीच पोचा."

कराडला विमा एजंट दारातच भेटला. पूर्ण विमा हवा तर गाडीची तपासणी लागेल, म्हणाला. आणि पाच वर्षांवरच्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता नसतो, आयडीव्ही कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. "वीस हजार धरू?"

मेहुणा उखडला. "वीस? अहो, इंजिन बघा, आवाज ऐका जरा! बेअरिंग मक्खन! वायरिंग एक नंबर!" आणि खात्री पटावी म्हणून त्यानं हॉर्न दाबला.

एजंट वाट बघत राहिला. मी पुढं होऊन डावा इंडिकेटर दिला.