शिट्टीदादा

मे लागला की वसईत आंबे, पाहुणे आणि निसर्ग शिबिरं एकदमच येतात. शिबिराबरोबर शिट्टीदादाही येतोच. हा विरारला सातव्या मजल्यावर राहणारा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. सुट्टीत मोबाइलच्या हप्त्यापुरती कमाई होते. गळ्यात शिट्टी आणि दुर्बीण, पँटला खिसेच खिसे. एकाही खिशात रुमाल नाही. घाम टोपीने पुसतो.

"मुलं निसर्गापासून तुटलीत," हे तो पहिल्याच दिवशी पालकांना सांगतो. पालक माना डोलावतात. मुलं त्या वेळी चिंचेच्या झाडावर असतात.

वसईच्या किल्ल्यात तो फुलपाखरं दाखवतो. "ब्लू मॉर्मन! २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू! याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात." वाडीतला एक पोरगा विचारतो, "आजोबा चिमट्याने उचलून फेकतात, त्याच का?" दादा शिट्टी वाजवतो. उत्तर सुचलं नाही की शिट्टी, हा त्याचा नियम आहे.

त्याची खरी कसोटी खाडीवर. "आज आपण मडस्किपर पाहणार. हा मासा चिखलात चालतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो!" पाचूबंदरची एक मुलगी शांतपणे म्हणते, "निवटी. आई तिखट कालवण करते." मग दहा मिनिटं शिबिराचा विषय चिंच की कोकम हा होतो. (चिंच. यावर माझ्या घरीही वाद नाही.)

पण चिखल असतो कुठे? सकाळचे आठ वाजलेत आणि खाडी काठोकाठ भरलेली. दादा मोबाइलवर भरतीचं अॅप उघडतो, हात उंच करून रेंज शोधतो. चाक गोल फिरत राहतं.

"दादा, आज एकादशी," ती मुलगी म्हणते. "तिथीची पाऊणपट करायची. सव्वाआठला भरती. आत्ता काय दिसणार?"

लांब शिट्टी वाजते. त्या दिवशी किनाऱ्यावरच तिवर आणि चिप्पीची पानं ओळखण्याचा कार्यक्रम होतो. पांढरी चिप्पी हा २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष, हे तो दोनदा सांगतो.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर निरोप येतो : "उद्याचं खाडी दर्शन दुपारी तीन वाजता. टोपी आणावी." भर मे महिन्यात दुपारी तीनला? आया खवळतात. एक जण कारण विचारते. दादाचं उत्तर तयार असतं, "माझं स्वतःचं एक गणित आहे, काकू."