आमचे तुलाधारपंत

महाभारताच्या शांतिपर्वात वाराणसीच्या तुलाधार नावाच्या एका वाण्याची कथा आहे. सर्व भूतमात्रांना एकाच तराजूने तोलण्याच्या गुणामुळे जाजलीसारख्या उग्र तपस्व्याला धर्म शिकविण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला. आमच्या वसाहतीतील एका निवृत्त गृहस्थांस मी मनातल्या मनात तुलाधारपंत म्हणत आलो आहे. मात्र त्यात समदृष्टीचा काहीएक संबंध नसून, एकदा हाती धरलेला तराजू खाली म्हणून ठेवावयाचा नाही, ह्या त्यांच्या असामान्य निग्रहाचा तो गौरव आहे. असे गृहस्थ पुण्यात विपुल आहेत, आणि ज्याअर्थी स्वतःचे घर व त्या घराचा विमा ह्या दोन्ही वस्तू हल्ली मध्यमवर्गीयांच्या आटोक्यात आल्या आहेत, त्याअर्थी त्यांची संख्या उत्तरोत्तर वाढतच जाणार.

पंतांची सारी हयात सरकारी हिशेबतपासणीच्या खात्यात गेली. दुसऱ्याने केलेल्या खर्चावर हरकत घेणे हा त्या खात्याचा स्वधर्म असल्यामुळे, स्वतः खर्च करण्याचा प्रसंग आला की पंतांच्या ठायी खर्च मंजूर करणारा आणि त्यावर हरकत घेणारा असे दोन अंमलदार एकाच खुर्चीवर येऊन बसतात, आणि पहिल्याने वर पाठविलेला कागद दुसरा तत्काळ खुलाशासाठी परत धाडतो. निवृत्तीनंतर हा पत्रव्यवहार थांबेल अशी त्यांच्या पत्नीची समजूत होती. ती चुकीची ठरली, कारण निवृत्तीनंतर त्याला पूर्ण वेळ मिळू लागला.

घर वडिलांनी बांधलेले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेच्या काठच्या पेठांतून पाणी शिरले, तेव्हा पंतांचे शनिवारातले बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसह गेले, आणि वडिलांनी कर्ज काढून गावाबाहेर, नदीचे नावही ऐकू येणार नाही अशा ठिकाणी, हा दगडविटांचा बैठा बंगला उभा केला. पुढे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने त्याच्या भिंतीही क्षणभर हलविल्या. ह्या दोन्ही घटना पंत सांगतात त्या आठवणी म्हणून नव्हेत. एवढी दोन अस्सल संकटे, दोन्ही विम्याच्या कलमांत चपखल बसणारी, घराचा विमा नसताना येऊन गेली, ह्याची हळहळ म्हणून सांगतात. “त्यानंतर तसं काही झालंच नाही हो!” असे ते म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला त्यांचे सांत्वन करावे की आपण लांब उभे राहावे, हे कळेनासे होते.

1 एप्रिल 2021 पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ह्या नावाची एकाच धर्तीची पॉलिसी ठेवणे नियामक प्राधिकरणाने बंधनकारक केले, आणि सर्व कंपन्यांचा मसुदा एकच म्हटल्यावर तुलनेला वाव उरला नाही, ह्या एकाच कारणास्तव पंतांच्या हातून विमा घेतला गेला. तथापि त्यातही त्यांना मनस्ताप झालाच. विम्याची रक्कम बांधकामाच्या क्षेत्रफळावर व बांधकामखर्चाच्या दरावर ठरते, जमीन तीत धरीत नाहीत, हे कळल्यावर ते विलक्षण संतापले. कारण घराची किंमत म्हणून जी संख्या ते आप्तेष्टांना सांगत आले होते, तीत विटा-सिमेंटचा वाटा नगण्य असून बाकी सारा मोठेपणा जमिनीचा होता. “अहो, जमीन कुठं जाते?” असे विमा प्रतिनिधीने विचारले. पंतांच्या मते हा प्रश्न उद्धट होता. घरसामानाच्या बाबतीत तर त्यांची घोर निराशा झाली. इमारतीच्या विमारकमेच्या 20 टक्क्यांइतके, पण 10 लाखांच्या मर्यादेत, सामान यादी न देताच विम्यात धरले जाते, अशी त्या पॉलिसीत सवलत आहे. ज्याने आयुष्यभर याद्या मागितल्या, त्याला ‘यादीची आवश्यकता नाही’ असे सांगणे हा केवढा अधिक्षेप! पंतांनी यादी केलीच. तीत वडिलांचा पितळी बंब ‘वापरात नाही, सुस्थितीत’ ह्या शेऱ्यासह नोंदलेला मी स्वतः पाहिला आहे.

आता मूळ दुखणे म्हणजे गच्चीची गळती. गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा वडिलांच्या वेळचा. त्याला भेगा पडून पावसाचे पाणी स्लॅबमध्ये उतरते आणि मधल्या खोलीच्या छताचे पोपडे आषाढ लागताच जमिनीवर येतात. ह्यावर उपाय काय, हे ठरविण्यासाठी पंतांनी दरपत्रके मागविली. एक कंत्राटदार म्हणाला, कोबा मुळापासून फोडून नवा करा. दुसरा म्हणाला, फोडता कशाला, वरून रसायनाचे दोन हात मारू. तिसऱ्याने चंदेरी अस्तराची डांबरी शीट चिकटविण्याचा आग्रह धरला, आणि चौथ्याने ह्या तिघांनाही मूर्ख ठरवून गच्चीवर सरळ पत्र्याचे छप्पर घालण्याचा सल्ला दिला. छपराला महापालिकेची परवानगी लागेल, रसायनाची हमी किती वर्षांची आणि हमी देणारा तितकी वर्षे धंद्यात राहील कशावरून, कोबा फोडताना जुन्या स्लॅबला हादरा बसला तर त्याची जबाबदारी कोणाची, अशा हरकतींनी पंतांची वही भरून गेली. दरम्यान सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी चढत गेल्याने जुनी दरपत्रके रद्दबातल झाली व नवी मागवावी लागली. म्हणजे तुलनेला पुन्हा आरंभापासून आरंभ झाला. शांतिपर्वातला जाजली इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे करून अंडी घातली. पंतांच्या गच्चीच्या जिन्यावरील फुटक्या झडपेत पारव्यांनी तेच केले आहे. तेव्हा पंतांचे नाव पुराणातल्या वाण्याचे असले तरी तपश्चर्या तपस्व्याची आहे, हे मला मान्य केले पाहिजे.

अशा स्थितीत एका जुलैच्या वादळी रात्री कुंपणालगतचा जुना गुलमोहर बंगल्यावर आडवा झाला. (तो कलला होता, तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे करावयाच्या अर्जाचा मसुदा पंतांच्या टेबलावर तयार होता.) कठड्याचा एक कोपरा, पाण्याची टाकी आणि कोब्याचा थोडा भाग एवढ्यांची नासधूस झाली. शेजारीपाजारी धावून आले. पंत हातात छत्री घेऊन गच्चीवर उभे होते आणि त्यांच्या मुद्रेवर, खोटे कशाला बोलू, कृतार्थता होती.

दावा करावा, एवढे ते तेव्हाच बोलून गेले. पण सकाळी तराजू पुन्हा हाती आला. मोटारीच्या विम्यात दावा न करणाऱ्यास 20 पासून चढत 50 टक्क्यांपर्यंत सूट मिळते. घराला ती नाही कशावरून? आणि नसली, तरी आज एका झाडासाठी दावा करून कंपनीच्या दप्तरी आपले नाव दावेखोर म्हणून चढले, आणि उद्या खरोखरच भूकंप झाला, तर कोणत्या तोंडाने जावे? संकट हे बँकेतल्या ठेवीप्रमाणे मुदतीपूर्वी मोडू नये, असे त्यांचे मत होते. नुकसान झाल्याची खबर कंपनीला विनाविलंब द्यावी लागते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. “घर पडलं की करा हो दावा, तोवर बादली मी ठेवते,” असे त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या. ह्या दोहोंपैकी कशाचा परिणाम झाला ते ठाऊक नाही, परंतु खबर गेली.

परवानाधारक सर्वेक्षक आला. तो तरुण, नम्र आणि घाईत होता. त्याने छायाचित्रे घेतली, गिलाव्यावर बोटाने टकटक केले आणि मधल्या खोलीतल्या ओलीकडे पाहून सहज विचारले, “ही ओल झाडाच्या आधीची का?” दुसरा एखादा गृहस्थ म्हणाला असता, छे, छे, परवाचीच. पंत उठले, कपाटातून एक लांबट वही काढून आणली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. तीत बारा पावसाळ्यांतील ओलीचा दिनांकवार वृत्तान्त होता: डागाची लांबी, रुंदी, वाढ, घट, शेरा. प्रत्येक पानाखाली सही. सर्वेक्षकाने ती वही आदराने चाळली, हव्या त्या पानांची छायाचित्रे घेतली आणि चहा पिऊन तो गेला. झीज, जीर्णता आणि देखभालीचा अभाव ह्यांनी होणारे नुकसान विम्यात येत नाही. ते तसे झाल्याचा इतका निर्दोष पुरावा खुद्द दावेदाराकडून मिळण्याचा योग त्याला पूर्वी आला नसावा. पण पंतांना ह्याचे वैषम्य नव्हते. “एकाही नोंदीवर त्याला बोट ठेवता आलं नाही,” असे ते मला संध्याकाळी अभिमानाने म्हणाले.

कठडा, टाकी आणि झाडाखाली सापडलेला कोबा एवढ्याची भरपाई मंजूर झाली. गळती नामंजूर झाली. ह्या निवाड्यात अन्याय कोठे आहे, ते मला तरी दिसले नाही. मात्र रकमेसोबत जे पावतीपत्र सहीसाठी आले, त्यात ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द होते, आणि तेथे सारे अडले. पंतांचा कोणत्याही गोष्टीच्या अंतिमपणालाच तात्त्विक विरोध आहे. सही करावी तर गळतीचा हक्क जातो. न करावी तर टाकीचे पैसे अडतात. हरकत नोंदवून सही करावी तर ती हरकत कोणत्या शब्दांत नोंदवावी, ह्याचे मसुदे सध्या चालू आहेत. टाकीवाचून पाणी बादल्यांनी भरले जाते. छताखालची बादली तेवढी त्या कामी देता येत नाही, कारण पाऊस अजून सरलेला नाही.

कंपनीचा निर्णय मान्य नसेल आणि तिच्याकडे केलेल्या लेखी तक्रारीनेही समाधान झाले नसेल, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते, त्याला फी पडत नाही, आणि त्याची एक कचेरी पुण्यातच आहे. हे सर्व मीच पंतांच्या कानावर घातले. फी पडत नाही हे ऐकून त्यांना संशय आला असून त्याची ते चौकशी करीत आहेत.