कड्याकडे पाठ

भूशास्त्र शिकवायला पोरांना सहलीला नेऊ नये, या मतावर मी आलो आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला उभं राहून आपण सांगायला लागतो, ‘समोर बघा, लाव्ह्याचे एकावर एक थर’, तेव्हा सगळा वर्ग कड्याकडे पाठ करून सेल्फी काढत असतो. बरोबरच्या शिक्षकांचं लक्ष कणसाला लिंबू नीट चोळलंय का, याकडे. तेवढ्यात ड्रायव्हर हॉर्न मारतो.

म्हणून हल्ली सहल वर्गातच निघते. पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि विचारायचं, कुठे जायचं? ‘हवाई!’ मागच्या बाकांना वाटतं, सरांना समुद्रकिनाऱ्यावर नेऊन तास बुडवला. सरांना हवाईच हवं असतं! किलाउएया ज्वालामुखीचा लाव्हा वाहताना, त्याची साय थिजून वळ्या पडताना एकदा दाखवला, की सह्याद्रीचा निम्मा धडा झाला. मग तिथून थेट महाबळेश्वर. व्हिसा नाही, घाटात कुणाला गाडी लागत नाही. आपल्याकडचा लाव्हा मात्र मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांमधून आला, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आणि एवढी झीज होऊनही आज तो 5 लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे. पडद्यावरचं दृश्य तिरकं केलं की पोरं थर मोजायला लागतात. मोजणीवरून भांडतातसुद्धा. कड्यापुढे उभी असताना ती कधी भांडली नव्हती.

पाचगणीला घोडे आणि सिनेमाची शूटिंगं आठवतात. टेबललँड एवढं सपाट कसं, हे कुणी विचारत नाही, मीच विचारतो. उष्ण, पावसाळी हवेत बेसॉल्ट कुजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्याचा झाला जांभा. भोवतालचा डोंगर झिजला, जांभ्याची टोपी घातलेला तेवढा शाबूत राहिला. ‘म्हणजे सर, घोडे गंजावर पळतात?’ एकीनं विचारलं. उत्तराला मी पैकीच्या पैकी दिले.

पडद्याला एक गोष्ट जमत नाही: वजन. बेसॉल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, पण झूम करून ते कळत नाही. त्यासाठी मी दोन दगड बाकांवरून फिरवतो, एक काळा, एक भोकाभोकांचा तांबडा. काळ्यात कधी पांढरे स्फटिक चमकतात. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या रिकाम्या जागी मागाहून जमलेलं हे झिओलाइट. ते नखानं उकरून बघितल्याशिवाय दगड पुढच्या बाकावर जात नाही.

तेव्हा पालकहो, सुट्टीत मुलांना महाबळेश्वरला नेणार असाल, तर पॉइंटांची यादी जरा आखडती घ्या. वाईहून वर चढताना पसरणी घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तो कुठल्याही पॉइंटपेक्षा चांगला. खडकाला हात लावता येतो आणि तिथे फोटोसाठी रांग नसते. फक्त गाडी वळणावर उभी करू नका.