भाकरीचा हात

भाकरी फिरवायची भाषा महाराष्ट्रात पुढाऱ्यांची. 2023 साली शरद पवारांनी ती वापरली आणि वाहिन्यांवर दुसरं काही शिजेना. आमच्या कर्जत तालुक्यात राजकारणाचं पीक बारमाही, पण रोज खरी भाकरी फिरवणाऱ्या बाईपुढे कुणी माईक धरलेला मी पाहिला नाही. वास्तविक विषय तिचा.

इथली भाकरी रब्बी ज्वारीची. परतीच्या पावसाची ओल धरून बसणारी काळी रानं आणि त्यात मालदांडी, म्हणजे मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं 35-1 वाण. माणसाला दाणे, जनावराला कडबा. इतकं गुणी धान्य, पण खोड एकच: गव्हातलं ग्लुटेन याच्यात नाही, त्यामुळे पीठ पिठाला धरत नाही. मग त्यात उकळतं आधण ओतायचं, म्हणजे स्टार्च चिकट होतो, आणि एका भाकरीपुरतंच पीठ काटवटीत तळहातानं रगडायचं. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते, कडा फाटतात. आणि सासूबाईंचं लक्ष नेमकं कडांवरच असतं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, ते सुकायच्या आत उलटायची, शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर शेकायची. टम्म फुगली तर कुणी बोलत नाही. पाणी किती घ्यायचं, विचारा. ‘‘बसंल तेवढं.’’ पाककृती संपली.

आयर्लंडच्या खेड्यांतही अडचण पिठाचीच होती. तिथला गहू मऊ, यीस्टनं नीट फुगेना. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा आला, तो तिथल्या बायकांनी ताकाशी गाठ घालून पिठात मिसळला आणि लोखंडी भांड्यात, झाकणावरही निखारे ठेवून, सोडा ब्रेड भाजला. घरात ताक उरलं म्हणून तिकडे ब्रेड झाला. आमच्याकडे उरलं असतं तर कढी झाली असती.

आता रस्त्याकडेच्या हॉटेलांवर ‘चुलीवरची भाकरी’ अशी ठळक पाटी असते. आत धुरात बसलेलीचं नाव पाटीवर नसतं. लोक मटणाची तारीफ करतात आणि भाकरी धरून चालतात. मटण मसाल्यानं सावरता येतं, भाकरीला तेवढीही पळवाट नाही. माझ्या मते जास्त दाम तिचा हवा.

आमच्या तालुक्यातल्या सिद्धटेकच्या गणपतीला आलात तर येता-जाता कुठंतरी गरम भाकरी मागा, पहिला घास कोरडाच खा आणि निघताना आत डोकावून ‘‘मावशी, भाकरी झकास झाली’’ एवढं सांगून या.