पाठमोरा सूर्य

मालवणात वाढलेल्या माणसाला पश्चिम दिशा शिकवावी लागत नाही. पाणी दिसतं ती पश्चिम. जेटीवर उभं राहिलं की समोर कुरटे बेट, बेटावर शिवाजीमहाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आणि त्याच्या पलीकडे रोज संध्याकाळी बिनतक्रार बुडणारा सूर्य. एवढ्या भांडवलावर मी फोटोग्राफर झालो. माझ्याकडे या एकाच सूर्यास्ताचे इतके फोटो आहेत की पाहुणे अर्धा चहा टाकून उठतात. घरातल्या भिंती संपल्यावर मी ते फ्रेम करून वाढदिवसाला भेट द्यायला लागलो, तेव्हापासून आमंत्रणंही कमी झाली.

"काशीला जाऊन येऊ या," असं बायको म्हणाली तेव्हा तिच्या मनात विश्वनाथ होता, माझ्या मनात गंगेवरचा सूर्यास्त. गंगाजल आणायला म्हणून तिने बॅगेत जागा राखून ठेवली होती. तिथे मी ट्रायपॉड बसवला.

आमचा मुक्काम दुर्गाघाटाजवळ एका वृद्ध गुरुजींच्या घरी होता. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा पट्टा म्हणजे काशीतला मराठी मुलूख. एकनाथांनी भागवतावरची टीका १५७३ साली याच शहरात पुरी केली, राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट इथलेच. विश्वनाथाचं आत्ताचं देऊळ अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधलं. नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा आहे. म्हणजे एवढी मातबर मराठी मंडळी इथे येऊन, जागा निरखून, पाया खणून गेली आणि गंगेवरच्या सूर्यास्ताबद्दल त्यांतल्या एकानेही अवाक्षर काढलेलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आलो त्याच संध्याकाळी अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर ट्रायपॉड उघडला आणि पाण्याकडे तोंड करून लेन्स लावली. भोवती पाच-दहा माणसं जमली. माणूस इतक्या गंभीरपणे कशाची वाट बघतोय, हे त्यांना बघायचं होतं. एक चहावाला बराच वेळ माझ्या लेन्सच्या रोखाने पलीकडच्या रेतीकडे पाहत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "बाबूजी, उधर क्या है?"

"सूर्यास्त," मी म्हणालो.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीकडे आणि काही न बोलता हातात कुल्हड ठेवला. बायको मात्र उलटी बसली होती. अहिल्याबाईंच्या वाड्याच्या माथ्याकडे बघत ती शांतपणे म्हणाली, "गेलो तो!" मी वळलो तेव्हा वाड्यामागे थोडा तांबूस उजेड उरला होता. तिथून हाकेच्या अंतरावर मानमहालाच्या गच्चीवर सवाई जयसिंगांची अठराव्या शतकातली वेधशाळा आहे. सूर्य केव्हा कुठे असतो हे तिथले दगडसुद्धा सांगतात. माझ्या मोबाइलमध्ये तेच सांगणारं अ‍ॅप होतं, विकत घेतलेलं. उघडायचं राहिलं होतं.

रात्री गुरुजींनी माझा भूगोल दुरुस्त केला. "अहो, गंगा इथे उत्तरवाहिनी होते. पश्चिमेचा काठ उंच, कंकराच्या घट्ट मातीचा. पूर्वेचा सखल, नुसती वाळू, दर पावसाळ्यात पाण्याखाली. म्हणून सारं शहर या काठावर वसलं आणि सगळ्या घाटांची तोंडं उगवतीला. लोक इथे येतात अखेरचे दिवस काढायला, पण मावळतीचा सूर्य बघायची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही." मग चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय, देशावरचे का?"

मालवणच्या माणसाचा याहून मोठा अपमान होत नाही.

दुसऱ्या दिवशी अब्रू भरून काढायला शिंदे घाट गाठला. तिथे मणिकर्णिकेला लागून, अगदी पाण्याच्या कडेला रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे. वर्षातला बराच काळ त्याचा गाभारा पाण्यात असतो. कॅमेऱ्यातून पाहिलं तर देऊळ तिरकं. ट्रायपॉडवर एक इवलीशी पाणसळ असते, हिरव्या द्रवात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध होता. याचा अर्थ पाणसळ बिघडली, असा मी निष्कर्ष काढला. एक पाय आखडता घेतला, दुसऱ्याखाली विटेचा तुकडा सरकवला, मान वाकडी करकरून देऊळ ओळंब्यात आणलं आणि समाधानाने पंचवीसेक फोटो काढले. गुरुजींनी ते संध्याकाळी पाहिले. "रत्नेश्वर कलता आहे," ते म्हणाले. "त्यासाठीच लोक बघायला येतात. तुम्ही त्याला सरळ करून गंगा कलती केलीत." खरंच, फोटोत देऊळ ताठ उभं होतं, पाणी उतारावर लागलं होतं आणि तीन नावा कुठल्याही क्षणी चौकटीबाहेर घरंगळतील अशा बेतात होत्या.

राहता राहिला सूर्योदय. तो तरी समोरून होणार होता. जानेवारीतल्या पहाटे माकडटोपी, मफलर, दोन स्वेटर अशा जामानिम्यात आम्ही नावेत बसलो. काशीच्या जानेवारीत धुकं असतं हे ऐकून होतो. धुक्याच्या आत गंगा असते आणि ती मिळवणं ही आपली जबाबदारी असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. नावाड्याचं वल्हं दिसत होतं, नावाडी दिसत नव्हता. सूर्य उगवल्याचं त्यानेच आतून कळवलं. मी त्या दिशेला पांढऱ्यावर पांढरं असे भरपूर फोटो घेतले. स्क्रीनवर बघून बायको म्हणाली, "छान. आपल्या फ्रीजचं दार."

तेवढ्यात पांढऱ्यातून पांढरे पक्षी आले. हिवाळ्यात गंगेवर कुरव उतरतात, नावाडी त्यांना सरसकट 'साइबेरियन' म्हणतात. त्यांतल्या तपकिरी डोक्याच्या कुरवांची वीण लडाख-तिबेटकडच्या तलावांवर होते आणि पुढे हेच भाऊबंद आमच्या कोकण किनाऱ्यावरही येतात. शेवेची पुडी फोडून नावाड्याने "आव, आव" अशी आरोळी दिली आणि पक्ष्यांचा ढग आमच्यावर कोसळला. हा क्षण टिपायचाच म्हणून मी उभा राहिलो. नावेत उभं राहू नये, हेही मालवणात शिकवावं लागत नाही. नाव डुलली, बायकोच्या हातातली शेव माझ्या कॅमेऱ्यावर सांडली आणि उरलेला वेळ मी पक्ष्यांचे फोटो काढण्याऐवजी त्यांच्या चोचींपासून लेन्स वाचवत होतो. त्या गडबडीत दाबल्या गेलेल्या बटणाने एकच फोटो घेतला. त्यात शेवेची एक कांडी अप्रतिम फोकसमध्ये आहे.

आता उपाय एकच होता. सूर्य शहरामागे बुडतो ना, मग आपणच पलीकडे जायचं. बनारसी लोक मोकळं व्हायला पूर्वीपासून त्या काठावर जातात. त्यांच्या भाषेत ती 'बहरी अलंग'. गुरुजींनी बेत ऐकून मान डोलावली. "जा, पण जपून. त्या काठावर मरण आलं तर पुढचा जन्म गाढवाचा, अशी इथे समजूत आहे."

"ह्यांना ओझं वाहायची सवय आहेच," बायको ट्रायपॉडकडे बघत म्हणाली.

नावाड्याला जाण्यायेण्याचे पैसे उतरतानाच देऊन टाकले. मराठी माणूस उधारी ठेवत नाही. रेतीवर ट्रायपॉड रोवला आणि तो सावकाश खाली जायला लागला. वरून कोरडी दिसणारी ती रेती आत ओली असते. समोर घाटांची कमान, शिखरं, छत्र्या आणि केदारघाटाच्या अंगाला उतरणारा लालभडक सूर्य. पाणी आणि सूर्य दोन्ही एका चौकटीत! मालवण सोडल्यापासून प्रथमच दिशा माझ्या बाजूने होत्या. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी डावीकडून एक उंट चौकटीत शिरला. त्या रेतीवर पर्यटकांना उंटावरून फिरवतात. पाठोपाठ मालक आला, "फोटो का पचास". पन्नास दिले, तर उंट तिथेच बसला. ट्रायपॉड गुडघाभर रुतलेला, तो उपसेपर्यंत सूर्य बुडाला.

मागे पाहिलं तर आमची नाव नव्हती. संध्याकाळी दशाश्वमेधाच्या आरतीला नावांची गर्दी होते, तिथे धंदा जास्त. पैसे हातात पडलेला नावाडी रेतीवर कशाला थांबेल? अंधार पडत चालला, थंडी वाढली आणि बायको अधूनमधून माझ्या कानांकडे निरखून बघू लागली. शेवटी रेतीवरचा चहावाला दुकान आवरून निघाला, त्याच्या नावेत किटली, स्टोव्ह आणि कपबश्यांमध्ये आम्हाला जागा मिळाली.

घरी येऊन तो एकमेव फोटो मोठा करून लावला. सूर्यावर प्रकाश मोजल्यामुळे सारं शहर काळं झालंय आणि गंगेची जेमतेम एक रेघ उरलीय. त्यापुढे वाळू, लाल गोळा आणि त्याला आडवी जाणारी उंटाची मान. येणारा प्रत्येक जण फोटोपाशी थांबतो, मनापासून दाद देतो आणि विचारतो, "जैसलमेरला कधी गेला होतात?" मी "गेल्या हिवाळ्यात" म्हणून सांगतो. पहिल्यांदाच पाहुणे चहा संपवून जात आहेत.

कॅमेरा घेऊन काशीला निघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. उगवता सूर्य घाटावरून, मावळता पलीकडच्या रेतीवरून. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सूर्याचा भरवसा नाही, त्याऐवजी नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा शेवट गाठावा. पावसाळ्यात रेती पाण्याखाली असते. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटावर चिता जळत असतात, तिथे कॅमेरा पिशवीतच ठेवावा. रत्नेश्वर कलताच आहे, त्याला तसाच राहू द्यावा. आणि नावेचे पैसे जाण्यायेण्याचे एकदमच ठरवावेत, द्यावेत मात्र अलीकडच्या काठावर सुखरूप उतरल्यावर.