साडू झाडावर, मी खाली

न्यू जर्सीला अमेरिकेत ‘गार्डन स्टेट’ म्हणतात. विमानतळावरून बाहेर पडलं की आधी तेलाच्या टाक्या लागतात, मग कंटेनरचे ढीग, मग मोटारींची रांग. बाग कुठे आहे हे कोणी सांगत नाही. दर चौरस मैलाला बाराशेच्या वर माणसं, म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यांत दाटीवाटीचं राज्य. त्यातली बरीचशी एडिसनच्या ओक ट्री रोडवर पार्किंग शोधत असतात. एवढ्या गर्दीत आणखी कोणाला जागा असेल असं वाटत नाही. पण या राज्याच्या एकवीसच्या एकवीस काउंट्यांत काळी अस्वलं दिसून गेली आहेत. त्यातलं एक आमच्या साडूबुवांच्या परसात येऊन गेलं आणि तिथून सगळा प्रकार सुरू झाला.

साडूबुवा पार्सिपनीला राहतात. संगणकात आहेत. आयुष्यात त्यांनी मारलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे पाल, आणि तीही मेव्हणीच्या म्हणण्याप्रमाणे स्वतःच पडली होती. त्यांनी हौसेनं पक्ष्यांसाठी दाण्यांचं भांडं खांबावर टांगलं होतं. अस्वलानं खांब वाकवला, भांडं मांडीवर घेतलं आणि सावकाश बसून सूर्यफुलाच्या बिया संपवल्या. साडूबुवांनी तक्रार केली, तेव्हा आलेल्या साहेबानं अस्वलाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानं एवढंच विचारलं की भांडं कोणाचं. न्यू जर्सीत अस्वलाला खाऊ घालणं हा गुन्हा आहे, दंड 1000 डॉलरपर्यंत. दंड झाला नाही, समज मिळाली. पण स्वतःच्या अंगणात अस्वलासमोर आपणच आरोपी ठरलो, हे साडूबुवांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी शिकारी व्हायचं ठरवलं.

आमच्याकडे अस्वल म्हणजे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातलं किंवा मेळघाटातलं. ते मोहाची फुलं खातं, तापट असतं आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पुरतं संरक्षण आहे. त्याची शिकार करण्याचा नुसता विचारही माणसाला कोर्टाच्या पायऱ्या दाखवतो. न्यू जर्सीतली गोष्ट वेगळी. तिथे 1970 नंतर शिकार बंद होती. पुढे अस्वलं वाढली, माणसंही वाढली आणि दोघंही एकाच टेकडीवर घरं बघायला लागली. तेहतीस वर्षांनी, 2003 मध्ये, शिकार परत सुरू झाली. मग गव्हर्नर फिल मर्फी ती बंद करण्याचं वचन देऊन निवडून आले, त्यांनी ती बंद केली, आणि तक्रारींचे आकडे चढल्यावर 2022 च्या डिसेंबरात त्यांनीच पुन्हा सुरू केली. वचन मोडताना त्यांना वाईट वाटलं असं ते म्हणाले. अस्वलांचं मत कोणी घेतलं नाही.

शिकारी होणं म्हणजे खांद्यावर बंदूक टाकून निघणं, ही आमची समजूत शिकारकथा वाचून झालेली. इथे आधी अभ्यासक्रम. घरी पुस्तक वाचायचं, प्रश्न सोडवायचे, मग मैदानावर परीक्षा. बंदुकीची परीक्षा वेगळी, धनुष्याची वेगळी. बंदूक घ्यायची तर पोलिसांकडून ओळखपत्र, त्याला बोटांचे ठसे आणि तुमची चालचलणूक ठाऊक असलेली माणसं. हे कळल्यावर मेव्हणीनं बंदुकीचा विषय जेवणाच्या टेबलावरच संपवला. उरलं धनुष्य. ते मात्र दुकानात जाऊन टेनिसच्या रॅकेटसारखं विकत मिळतं. कप्प्या आणि तारा लावलेलं ते यंत्र पाहून प्रभू रामचंद्रांनाही माहितीपत्रक मागावं लागलं असतं. परीक्षेत साडूबुवांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. कोकणस्थ माणूस, लेखी परीक्षा म्हटली की तो अस्वलालाही घाबरत नाही.

खरी मेख अंतरात आहे. बंदूक असेल तर कोणाच्याही घरापासून 450 फूट लांब, धनुष्य असेल तर 150 फूट. पार्सिपनीत 150 फुटांत तीन घरं, एक दंतवैद्य आणि एक योगवर्ग येतो. म्हणजे अस्वल जिथे रोज येतं तिथे त्याला मारता येत नाही, आणि जिथे मारता येतं तिथे ते येईलच असं नाही. मला वाटतं, ही गोष्ट अस्वलांना शिकाऱ्यांच्या आधी कळली असावी.

मी तिथे पोचलो ते 2024 चा दसरा होता, शनिवार. साडूबुवांनी धनुष्य पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आपट्याऐवजी कुठल्याशा मेपलची पानं वाहिली. अस्वलांचा हंगाम सोमवारी उघडत होता. ऑक्टोबरातला दुसरा सोमवार, कोलंबस दिनाची सुट्टी. पहिले तीन दिवस फक्त धनुर्धाऱ्यांचे. परवान्याची किंमत दोन डॉलर. आदल्या रात्री मी ओक ट्री रोडवर खाल्लेला वडापाव त्याहून महाग होता.

पुढची अडचण वासाची. अस्वलाचं नाक जबर असतं. म्हणून शिकारी कपडे बिनवासाच्या साबणानं धुतात, घराबाहेर पिशवीत बंद ठेवतात, वारा कुठून वाहतो ते बघून बसतात. साडूबुवांनी हे सगळं केलं. पण ज्या घरात सकाळ हिंगाच्या फोडणीनं सुरू होते आणि संध्याकाळ लसणाच्या, तिथे वास कपड्यांना नसतो, माणसाला असतो. निघताना मेव्हणीनं माझ्या हातात पिशवी दिली. “भाऊजी, चिवडा आहे. ह्यांना देऊ नका, तेलकट बोटांनी बाण सुटेल.”

अंधारातच निघालो. ऐंशी क्रमांकाच्या महामार्गानं पश्चिमेला, मग पंधरा नंबरच्या रस्त्यानं स्पार्टावरून वर, मग ब्रँचविलच्या पुढे स्टोक्सचं सरकारी जंगल. उजाडलं तेव्हा पहिल्यांदा मला ती बाग दिसली. ओक पिवळे, मेपल लाल, जमिनीवर ओकफळांचा सडा. या दिवसांत अस्वलांना थंडीआधीची भूक लागते; दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खातात असं म्हणतात. ओकफळं पडलेली जागा शोधायची, नवशिक्याला एवढं पुरे. लेंडकंही शोधायची असतात. ती मीच शोधली, बुटानं.

साडूबुवा झाडाला मचाण बांधून पंधरा फुटांवर चढले आणि पट्ट्यानं स्वतःला खोडाशी आवळून घेतलं. या खेळात माणसं अस्वलापेक्षा झाडावरून पडूनच जास्त दुखावतात. माझ्यासाठी खाली घडीची खुर्ची. बोलायचं नाही, हलायचं नाही. मी चिवड्याचा बकाणा भरला आणि हाताला कापरं भरून थोडा सांडला.

वरून घोगरा आवाज आला. “दादा, काय सांडलं?”

“चिवडा.”

“उचला! आमिषापासून तीनशे फुटांच्या आत झाडावर बसलेला शिकारी गुन्हेगार ठरतो!”

मी गुडघ्यांवर बसून पानांतून एकेक पोहा, एकेक डाळं वेचलं. शेंगदाण्यांचा हिशेब लागेना. साडूबुवा वरून दिशा दाखवत होते. “तुमच्या डावीकडे, खोबऱ्याचा काप.”

खोबऱ्याचा तो काप हातात घेऊन मी मान वर केली, तर समोर अस्वल. मागे दोन पिल्लं.

त्या क्षणी मला शाळेतली दोन मित्रांची गोष्ट आठवली. एक झाडावर चढतो, दुसरा मेल्याचं सोंग घेऊन पडतो, अस्वल हुंगून निघून जातं. गोष्टीतली मांडणी हुबेहूब जुळली होती, आणि माझ्या वाट्याला नेमका खालचा मित्र आला होता. पण गोष्टीतला सल्ला काळ्या अस्वलाच्या बाबतीत साफ चुकीचा आहे; साडूबुवांच्या पुस्तकात तसं ठळक छापलं होतं आणि त्यांनी मला ते गाडीत वाचून दाखवलं होतं. मेल्याचं सोंग घ्यायचं नाही, पळायचं नाही; अस्वल तासाला तीस मैलांच्या वर पळतं आणि झाडावर आपल्यापेक्षा बरं चढतं. उभं राहायचं, शांतपणे बोलायचं, हळूहळू मागे सरायचं, त्याला जायला वाट ठेवायची.

मी उभा राहिलो. इंग्रजी एकदम सुचेना.

“बाई,” मी म्हणालो, “आम्ही निघालोच होतो. तुमचं चालू द्या. पोरं गोड आहेत. साधारण किती महिन्यांची?”

तिनं फूत्कार टाकला, दात वाजवले. पिल्लं सरसर ओकावर चढली. ती साडूबुवांच्या ओकावर नव्हती, शेजारच्या ओकावर होती, एवढंच. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यापासून मुंबई-पुणे रस्त्याच्या टोलपर्यंत बोलत मागे सरत राहिलो. वरून साडूबुवा कुजबुजत होते, “पिल्लांसोबतची मादी मारायची नाही, दादा! पंचाहत्तर पौंडांखालचं पिल्लूही नाही!” अस्वलाचं वजन झाडावरून कसं ओळखायचं याचीही रीत आहे: कान मोठे, जवळजवळ दिसले तर अस्वल छोटं; कान बारके आणि लांब लांब दिसले तर मोठं. त्या घटकेला मला फक्त तिचं तोंड दिसत होतं. टोलवर मी आलो तेव्हा तिनं पिल्लांना हाक दिली आणि तिघं उतारावरून निघून गेली.

दुपारी व्हिटिंगहॅमच्या तपासणी केंद्रावर गेलो. मारलेलं अस्वल इथे आणावंच लागतं. शास्त्रज्ञ वजन करतात, वय कळावं म्हणून एक छोटा दात काढतात. पलीकडे निषेध करणारे फलक घेऊन उभे होते. त्यांच्यातल्या एका आजींनी आमचं धनुष्य पाहून डोळे वटारले. 2016 च्या ऑक्टोबरात, याच धनुष्याच्या हंगामात, दोन पायांवर चालणारं ‘पेडल्स’ नावाचं लाडकं अस्वल मारलं गेलं असं मानतात. त्याचा राग अजून ओला आहे. साडूबुवांनी त्यांना समजावलं, “आम्ही काही मारलं नाही.” आजी खूश झाल्या. रांगेतले शिकारी मात्र आमच्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. एकानं साडूबुवांना मांसाचा डबा देऊ केला आणि नीट शिजवा, नाहीतर जंत होतात, असं बजावलं. साडूबुवा म्हणाले, घरी नवरात्र नुकतंच उठलंय. त्याला तेही पटलं.

परतताना साडूबुवा गप्प होते. स्पार्टा ओलांडल्यावर म्हणाले, “डिसेंबरात दुसरा हंगाम असतो. पण तेव्हा बंदूक हवी.”

घरी ही योजना ऐकून मेव्हणी शांतपणे म्हणाली, “आणा. मी माहेरी जाते.”

तिचं माहेर आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे आणि तिथल्या खोल्या सध्या भाड्यानं दिल्या आहेत. मी लगेच साडूबुवांना बाजूला घेऊन धनुष्याचे फायदे समजावायला बसलो.