वीजबिल आणि विश्वशांती

आंतरराष्ट्रीय न्यायालयांचा दरारा खटल्याच्या आकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. युद्ध, आक्रमण, नरसंहार अशा घाऊक विषयांतले त्यांचे निकाल जगभर वाचले जातात. दारू आणि वीजबिल अशा किरकोळ विषयांतले पाळले जातात.

घाऊक व्यवहार नेदरलँड्समधल्या हेग शहरात चालतो. तिथला शांतता प्रासाद अमेरिकन पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ऑगस्ट १९१३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पहिले महायुद्ध त्यानंतर जवळजवळ वर्षभर थांबले, ही कामगिरी दुर्लक्षून चालणार नाही. हेगची न्यायपद्धती मात्र इमारतीच्याही आधीची. १९१० मध्ये मार्सेय बंदरात बोटीतून उडी टाकून फ्रान्सचा किनारा गाठलेल्या विनायक दामोदर सावरकरांना तिथल्या पोलिसाने परत ब्रिटिशांच्या हवाली केले. हे योग्य झाले का, असा वाद दोन्ही सरकारांनी हेगच्या लवादापुढे नेला. फेब्रुवारी १९११ मध्ये निवाडा आला: अनियमितता झाली खरी, पण म्हणून कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. सावरकर या दाव्यात पक्षकार नव्हते, दाव्याचा विषय होते. ते अंदमानला गेले. फ्रान्स आणि ब्रिटनची मैत्री शाबूत राहिली.

आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात १५ न्यायाधीश असतात आणि त्यांच्यापुढे खटला चालायला दोन्ही देशांची संमती लागते. प्रतिवादीला विचारून त्याच्यावर खटला चालवण्याची ही सोय तालुक्याच्या कोर्टात अजून पोचलेली नाही. १९८० मध्ये तेहरानच्या ओलिसांबाबत निकाल इराणविरुद्ध लागला, तेव्हा अमेरिकेला हे न्यायालय मान्य होते. १९८६ मध्ये निकाराग्वाच्या दाव्यात निकाल अमेरिकेविरुद्ध लागला, तोवर अमेरिका सुनावणीतून उठून गेलेली होती. निकाल पाळला नाही तर दाद सुरक्षा परिषदेत मागायची असते. निकाराग्वाने ती मागितली. अमेरिकेने तिथे नकाराधिकार वापरला.

हेगमध्येच २००२ पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही आहे. ते सुरू झाले त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून त्याच्या कोठडीतून आपली माणसे सोडवण्यासाठी लागतील ते सर्व उपाय योजण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. नेदरलँड्स हे अमेरिकेचे लष्करी मित्रराष्ट्र आहे. या न्यायालयाने २०२३ मध्ये व्लादिमीर पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढले. पुढच्या वर्षी ते सदस्य देश असलेल्या मंगोलियात गेले, तेव्हा त्यांच्याभोवती गणवेशातली माणसे जमली. पण ती मानवंदनेसाठी.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे मानवी हक्क न्यायालय मधल्या आकाराचे. कैद्यांना सरसकट मतदानबंदी घालता येणार नाही, असे त्याने २००५ मध्ये ब्रिटनला सांगितले. त्या कल्पनेनेच आपल्याला मळमळते, असे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी पुढे संसदेत जाहीर केले. वास्तविक ज्या कराराखाली हा निकाल लागला, त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश ब्रिटनच. शेवटी २०१७ मध्ये तात्पुरत्या सुटीवर बाहेर आलेल्या मूठभर कैद्यांना मत देण्याची तोड निघाली. बारा वर्षे लागली, पण मळमळ थांबली.

खरी सत्ता लक्झेंबर्गला, युरोपीय संघाच्या न्यायालयात. इटलीने १९६२ मध्ये विजेचे राष्ट्रीयीकरण केले. एका वीजकंपनीचे शेअर बाळगून असलेल्या मिलानच्या एका वकिलाने निषेध म्हणून १,९२५ लिरांचे बिल थकवले. प्रकरण लक्झेंबर्गला गेले आणि जुलै १९६४ मध्ये ठरले, की युरोपचा सामाईक कायदा सदस्य देशांच्या कायद्याहून वरचढ आहे. राष्ट्रीयीकरण टिकले, सार्वभौमत्वाची वायर मात्र कापली गेली. पुढे जर्मनीने एक फ्रेंच फळमद्य अडवले, कारण त्यात अल्कोहोल कमी होते. सौम्य दारूने लोकांना पिण्याची सवय लवकर लागते, कडक दारूने तितकी नाही, असा जनहिताचा युक्तिवाद जर्मन सरकारने गंभीरपणे मांडला. बाजारात सौम्य पेये आधीच भरपूर आहेत आणि कडक दारूही लोक पातळ करूनच पितात, असे न्यायाधीशांनी १९७९ मध्ये नोंदवले. एका देशात रीतसर विकला जाणारा माल दुसऱ्याने सबळ कारणाशिवाय अडवू नये, हे तत्त्व त्यातून निघाले आणि युरोपची सामाईक बाजारपेठ त्यावर उभी राहिली.

इथे निकाल पाळला जातो, कारण वसुली होते. न्यायाधीशांवरच्या शिस्तभंगाच्या कारवाईबाबतचा आदेश पोलंडने मानला नाही, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला दिवसाला १० लाख युरो दंड लागला. तो भरणार नाही, असे पोलंडच्या मंत्र्यांनी सांगितले. युरोपीय आयोगाने वाद घातला नाही. पोलंडला द्यायच्या निधीतून रक्कम परस्पर वळती केली.